मुक्त झालेली पुस्तके आणि तुझी कादंबरी

प्रिय नवलेखकास,
सप्रेम आशीर्वाद.

हरि नारायण आपटे आणि साने गुरुजी मोबाइलवर फुकट वाचायला मिळत असताना माझ्या पहिल्या कादंबरीसाठी कोणी तीनशे रुपये का मोजावेत, हा तुझा प्रश्न मला रास्त वाटतो.

आधी कायदा पाहू. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरचा हक्क आपल्याकडे त्याच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यामुळे २०११ उजाडताच ‘श्यामची आई’ छापण्याची मुभा सर्वांना मिळाली. ही मुदत पूर्वी ५० वर्षांची होती आणि रवींद्रनाथांचे साहित्य मुक्त होण्याच्या बेतात असताना ती वाढवण्यात आली.

वाचकापुरते बोलायचे, तर मला ही स्पर्धा वाटत नाही. आपट्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या तरुण विधवेचे दुःख तिच्याच तोंडून सांगितले. पण हिंजवडीत रात्रपाळी करून भाड्याच्या खोलीवर परतणाऱ्या मुलीचे मन ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याला ते तिथे सापडणार नाही. शिवाय वाचनाची गोडी बहुतेकांना अशा जुन्या, सहज हाती आलेल्या पुस्तकांनीच लागते, आणि तोच वाचक पुढे तुझ्यापर्यंत येतो.

खरी झळ लागते ती प्रकाशकाच्या भांडवलात आणि दुकानाच्या दर्शनी टेबलावर. मुक्त झालेल्या पुस्तकाला मानधन द्यावे लागत नाही आणि नाव आधीच घरोघरी पोचलेले असते. मग अनोळखी लेखकावर पैसे घालण्यापूर्वी प्रकाशकाचा हात आखडतो. हे दुखणे खरे आहे. तरीही मुदत आणखी वाढवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण एका साने गुरुजींमागे असे कितीतरी लेखक आहेत की ज्यांची पुस्तके वारस सापडत नाहीत म्हणून कोणी छापत नाही आणि ग्रंथालयाच्या कपाटात कसर लागून संपतात. त्यांचे मला फार वाईट वाटते.

म्हणून जुन्यांवर राग धरण्यापेक्षा स्वतःच्या कराराकडे लक्ष दे. ई-पुस्तकाचा आणि अनुवादाचा हक्क कोणाकडे राहील, हे स्पष्ट लिहून घे. हक्क किती वर्षांसाठी दिला हे करारात नमूद नसेल, तर कायदा ती मुदत पाच वर्षांची मानतो, हे पुष्कळ लेखकांना ठाऊक नसते. पुस्तक वाचकांपर्यंत नेण्यासाठी प्रकाशक काय करणार आहेत, हेही संकोच न करता विचार. सही करण्यापूर्वी मसुदा मला पाठव. आपण तो ओळ न् ओळ एकत्र वाचू.

तुझा हितचिंतक