गाणं गावभर, नाव कुठंच नाही

(गाण्या-बजावण्यावर पोट असलेल्या, किंवा ठेवू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : भाऊ, मी दिग्रस तालुक्यातला. तीन वर्षांपूर्वी एक भीमगीत लिहिलं, चालही माझीच. एका चॅनलवाल्यानं ते रेकॉर्ड केलं, तीन हजार दिले आणि एका कागदावर सही घेतली. १४ एप्रिलला आमच्या भागात प्रत्येक डीजेवर ते वाजतं, पण नाव फक्त गायकाचं आणि चॅनलचं. आता ‘तू ते स्टेजवर म्हणू नको’ असा निरोप आलाय. काय करू? (नाव छापू नये)

बाबू, आधी तो कागद हुडक. तुझ्याकडं झेरॉक्स नसेल तर त्याला माग, आणि तोंडी नको, व्हॉट्सॲपवर माग, म्हणजे मागितल्याचा पुरावा राहतो. हक्क किती वर्षांसाठी दिले ते त्यात पाहा. मुदत लिहिलीच नसेल तर कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे मुदत कोरी असेल तर चॅनलवाल्याच्या हक्काची दोनच वर्षं उरली.

समज, ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असंच लिहिलंय. तरी रॉयल्टी सुटत नाही. २०१२ च्या दुरुस्तीपासून गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा सोडून देताच येत नाही, खाली सही असली तरी. ‘पैसे दिले, विषय संपला’ हे चॅनलवाल्यांचं आवडतं वाक्य आहे. तीन हजारांत विषय संपत नसतो.

त्यानं पैसा लावला, ते रेकॉर्डिंग त्याचं. त्यावर भांडू नको. शब्द आणि चाल ही वेगळी मालमत्ता. एकाच शिवारातले दोन सात-बारे म्हण. म्हणून कागदात जाहीर कार्यक्रमाचा हक्क दिलेला नसेल तर स्टेजवर बिनधास्त म्हण. त्याचा ट्रॅक तेवढा लावू नको, ढोलकी-बँजोवर म्हण. आणि सुरुवातीलाच माइकवर सांग, ‘लेखन आणि चाल माझी.’ पन्नास रुपये बक्षीस देणाऱ्याचं नाव आपल्याकडं गावासकट, वडिलांसकट घेतात. गीतकाराचं घ्यायला मात्र जीभ जड होते बाप्पा!

एक विचारतो, राग मानू नको. चाल खरंच तुझी ना? आपल्याकडची निम्मी गाणी कुठल्या तरी सिनेमाच्या चालीवर असतात. तसं असेल तर फक्त शब्द तुझे. दंडारीची, म्हणजे आपल्या लोकनाट्याची, जुनी चाल असेल तर हरकत नाही, ती कोणा एकाची नाही.

इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा, म्हणजे आयपीआरएसचा सभासद हो. गाणी वाजवणाऱ्यांकडून रॉयल्टी गोळा करून सभासदांना वाटणारी ही संस्था. गीतकार आणि संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी होता येतं. गावच्या डीजेकडून पैसे येतील ही आस मात्र धरू नको, तिथं हिशेब ठेवतो कोण? तुझी भाकर अजून तरी कार्यक्रमाच्या सुपारीवरच आहे. कागद हाती आला की यवतमाळला एखाद्या वकिलाला दाखव.

प्रश्न : आमच्या महिला भजनी मंडळाला राष्ट्रसंतांची भजनं मोबाइलवर रेकॉर्ड करून टाकायची आहेत. आवाज घुमतो. (आर्वी, जि. वर्धा)

ताई, तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ चं. लेखकाच्या पश्चात ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०२८ संपेपर्यंत. तोवर मोझरीला गुरुकुंजात विचारून, परवानगी घेऊन टाका.

घुमण्याचं म्हणाल तर भाव नाही म्हणून कोणाच्या घरात कापूस भरून ठेवलाय ते पाहा. त्या खोलीत आवाज जागीच जिरतो, शहरातल्या स्टुडिओवाल्यांना हेवा वाटावा असा. अंगाला खाज सुटते, म्हणून दोन-दोन भजनं करून बाहेर या. कापूस विकला गेला असेल तर तिन्ही भिंतींना गोधड्या टांगा. मोबाइल फ्लाइट मोडवर, मुख्य गाणाऱ्या बाईपासून हातभर लांब. पेटी बाजूला, कारण भात्याचा फसफस आवाज आधी पकडला जातो. खंजिरीवाली सगळ्यांच्या मागं, दाराशी. तिच्या झांजा जवळ आल्या की शब्द गेलेच. खंजिरी चामड्याची असेल तर ओल्या हवेत ती उतरते, आधी निखाऱ्यावर शेकून घ्या.

प्रश्न : मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या दिवाळी ते होळी चालणाऱ्या नाटकांत, ऑर्गन वाजवतो. होळीनंतर हात रिकामे. नाटकांच्या पदांना चाली देऊ का? (देसाईगंज)

दे ना, विचारतोस काय! दिवाळीपर्यंत वेळच वेळ आहे, लेखकाकडून संहिता आत्ताच मागून घे. वाजवण्याची बिदागी वेगळी, चालीची वेगळी, हे आधी ठरव. मग ज्या नटाला पद म्हणायचंय त्याची पट्टी पेटीवर तपासूनच चाल बांध. तालमीत काळी चारच्या पट्टीत छान गातो म्हणून भुलू नको. नाटक रात्रभर चालतं. शेवटच्या अंकात, थंडीनं बसलेल्या गळ्याला तो वरचा सूर लागला पाहिजे.