धार्मिक शाळांवर सरकारचं नियंत्रण असावं का?

असावं, पण धर्म काय शिकवायचा यावर नाही. मूल पुढे पोट भरू शकेल का, एवढ्यावर मात्र नक्की.

सोलापुरात आमच्या ओळखीच्या चादरीच्या दुकानात एक पोरगा कामाला लागला. लहानपणापासून निवासी धार्मिक शाळेत शिकलेला. पाठांतर असं की अक्षर चुकत नाही. पण बिलावर जीएसटी लावायचा म्हटलं की थांबतो, आणि दहावीचा दाखला नसल्यानं आयटीआयचे बहुतेक ट्रेड बंद. त्याचा धर्म मुद्दाम सांगत नाही, कारण कायद्यातली पळवाट सगळ्यांनाच आहे: २०१२च्या दुरुस्तीनं मदरसे आणि वेदपाठशाळा दोन्ही शिक्षण हक्क कायद्याबाहेर ठेवल्या.

घटनेच्या कलम ३० नं अल्पसंख्याकांना संस्था चालवायचा हक्क दिलाय, तो राहिलाच पाहिजे. पण उत्तर प्रदेशच्या मदरसा कायद्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी सरकार नियम करू शकतं हे मान्य केलं.

गणित, विज्ञान, मराठी सक्तीचं करा, दहावीला बसवा. वसतिगृहाची तपासणी तर न सांगता व्हावी. आणि नियम मठाला एक, मदरशाला दुसरा असं चालणार नाही.