पर्फची फाइल एकटी पाठवू नकोस

पर्फ म्हणजे प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते मोजणारं लिनक्सवरचं साधन. लातूरच्या सर्व्हरवर पर्फ रेकॉर्ड चालवून तू नुसती पर्फ डॉट डेटा, म्हणजे त्या मोजणीची फाइल, संभाजीनगरला पाठवलीस, तर इथे आम्हाला फंक्शनच्या नावांच्या जागी हेक्स आकडे दिसतात. त्या फाइलीत मेमरीचे पत्ते आणि बायनरीचा (कंपाइल होऊन तयार झालेल्या प्रोग्रामचा) बिल्ड-आयडी, म्हणजे तो नेमका बिल्ड ओळखायची खूण, असते. नावं बायनरीतच राहतात. म्हणून रेकॉर्डिंग संपलं की लगेच, त्याच मशीनवर, पर्फ अर्काइव्ह चालव; ती कमांड लागणाऱ्या बायनरी एका टार फाइलीत बांधते. ती टार फाइल आम्ही इकडे होममधल्या डॉट-डीबग फोल्डरात उलगडतो. ‘लगेच’ यावर माझा जोर आहे बरं का. नवा बिल्ड जुन्या बायनरीवर बसला आणि जुनीची प्रत उरली नाही, तर ती मोजणी नीट वाचता येत नाही. तोच कोड पुन्हा कंपाइल करून भागेल असं धरू नकोस, कंपायलरची आवृत्ती किंवा त्याला दिलेला एखादा फ्लॅग (पर्याय) बदलला तरी पत्ते सरकतात.

सोर्स, म्हणजे मूळ कोड, मात्र या अर्काइव्हमध्ये येत नाही, आणि नवी पोरं इथेच अडकतात. बायनरीतल्या डीबग माहितीत सोर्सबद्दल साधारणपणे फाइलचा मार्ग आणि ओळ क्रमांकच असतो. तेव्हा गिटचा कमिट हॅश, म्हणजे कोडच्या त्या नेमक्या आवृत्तीची खूण, लिहून ठेव. कमिट न केलेले बदल असतील तर ते दाखवणारा गिट डिफही पर्फच्या फाइलीसोबत त्याच फोल्डरात टाक. ग्राहकाचा सर्व्हर असेल, तर बायनरी बाहेर न्यायची परवानगी आधी माग.