इंडोनेशियाची लवंग सिगारेट घशाला सौम्य लागते, मग डोकं का गरगरतं? आणि ओठ गोड का होतात?

घशाला सौम्य लागते ती लवंगेतल्या युजेनॉलमुळे. दाढ ठणकली की आपण कापसाच्या बोळ्यावर लवंगेचं तेल घेऊन दाबतो, तेव्हा हिरडी बधिर करणारं हेच द्रव्य. धुराबरोबर ते घशात उतरतं, ठसका लागत नाही, आणि ओढणारा नकळत कश लांबवतो, धूर जास्त वेळ छातीत धरतो. निकोटिन मात्र आपलं काम करतच असतं. म्हणून आधी काही वाटत नाही आणि अर्धी संपेपर्यंत गरगरायला लागतं.

या सिगारेटला तिकडे क्रेटेक म्हणतात. आत साधारण दोन भाग तंबाखू आणि एक भाग बारीक कापलेली वाळकी लवंग असते. तंबाखू कमी म्हणजे निकोटिन कमी, असा हिशेब बरेच जण करतात आणि तिथेच फसतात. लवंग सावकाश जळते. अमेरिकेतल्या एका चाचणीत साधी सिगारेट पाचेक मिनिटांत संपली, तर क्रेटेकला नऊ मिनिटं लागली. कशही जास्त घेतले गेले, आणि शेवटी रक्तातलं निकोटिन जवळपास सारखंच भरलं.

ब्रँडप्रमाणे कडकपणात प्रचंड फरक पडतो. सुराबाया शहरातल्या सांपोएर्ना कंपनीची 'जी साम सू' (पाकिटावर २३४ हा आकडा असतो) ही हाताने वळलेली, बिनफिल्टरची. तिच्या पाकिटावर टार (धुरातला चिकट, डांबरासारखा अंश) ३९ मिलिग्रॅम आणि निकोटिन २.३ मिलिग्रॅम छापलेलं असायचं. युरोपात एका सिगारेटला १० मिलिग्रॅम टार आणि १ मिलिग्रॅम निकोटिन ही कमाल मर्यादा आहे, म्हणजे टार जवळजवळ चौपट. त्याच कंपनीने १९८९ मध्ये आणलेली 'ए माइल्ड' टार १४ आणि निकोटिन १.० ची. नाव माइल्ड असलं तरी युरोपच्या मर्यादेत तीही बसत नाही. शिवाय हे आकडे यंत्राने ठरावीक कश ओढून काढलेले. बधिर घशाचा माणूस यंत्रापेक्षा खोल ओढतो.

आता चव. ओठांना लागणारा गोडवा धुराचा नाही. टोकाच्या कागदाला गोडी लावलेली असते. जिभेने तो कागद नुसता चाटला तरी कळेल. त्याच्या मागे लवंगेचा तिखट-उष्ण वास, त्याखाली जाव्याच्या उन्हात वाळवलेल्या तंबाखूचा जडपणा, आणि सगळ्यावर 'साउस', म्हणजे तंबाखूवर फवारलेलं सुगंधी मिश्रण. प्रत्येक कारखाना आपल्या साउसची कृती गुप्त ठेवतो. कुदुस शहरातली जारुम आणि कदिरी शहरातली गुडांग गरम या कंपन्यांच्या सिगारेटींच्या चवीत जो फरक लागतो, त्यात या साउसचा मोठा वाटा असतो. माझ्या मते खरी लवंग ओळखायची तर हाताने वळलेलीच घ्यावी लागते. यंत्रावरच्या फिल्टरवाल्या प्रकारांत गोडी पुढे येते आणि लवंग मागे पडते. पण सर्वांत कडकही तीच, हे विसरू नका.

जळताना तडतड होते ती लवंगेचे तुकडे फुटतात म्हणून. त्यातून ठिणगी उडते आणि शर्टाला, गादीला भोक पडतं. कागदावर पिवळसर तेलकट डाग दिसले तर घाबरू नका, ते लवंगेचं तेल आहे. उलट पाकीट उघडल्यावर वासच आला नाही तर माल जुना. तेल उडून गेलं की बधिर करणारं द्रव्यही कमी होतं आणि तीच सिगारेट घशाला ओरबाडते.

आपल्याकडे पानटपरीवर सुटी मिळणारी गुडांग गरम बहुधा चोरट्या मार्गाने आलेली असते. न्हावा शेवा बंदरात असे साठे वरचेवर पकडले जातात. भारतात विकायच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्रासह इशारा असावाच लागतो. तो नसेल तर माल कधीचा आणि कुठे साठवलेला, हे टपरीवाल्यालाही ठाऊक नसतं.

गरगरलं, मळमळलं, घाम फुटला तर तिथेच विझवा, मोकळ्या हवेत बसा, उरलेली नंतर ओढू नका. दमा असेल किंवा सर्दी-खोकला चालू असेल तर हिच्या वाटेलाच जाऊ नका. १९८० च्या दशकात अमेरिकेत लवंग सिगारेटनंतर फुप्फुसांना गंभीर इजा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या होत्या. ओढल्यावर दम लागला किंवा थुंकीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि काय ओढलं ते नावासकट सांगा.