ब्रश पोचत नाही तिथे : दातांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कित्येक वर्षं दिवसातून दोनदा दात घासतोय, तरी दोन दाढांच्या मधोमध कीड निघाली. डॉक्टर म्हणतात फ्लॉस करा, म्हणजे दातांच्या फटीत बारीक दोरा फिरवा. मुलगा म्हणतो, फ्लॉसचा उपयोग होतो हे कुठे सिद्धच झालेलं नाही. खरं कुणाचं? (देवगड)

उत्तर : तुम्ही घासण्यात कुचराई केलेली नाही. दाताला पाच बाजू असतात : गालाकडची, जिभेकडची, चावायची आणि शेजारच्या दातांना टेकलेल्या दोन. ब्रश पहिल्या तिन्हींवर फिरतो, टेकलेल्या बाजूंत त्याचे केस शिरत नाहीत. तुमची कीड नेमकी तिथेच धरली.

मुलगाही हवेत बोलत नाही. २०१६ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २५ अभ्यास तपासले आणि फ्लॉसबद्दलचा पुरावा दुबळा असल्याची बातमी दिली. लोकांनी तिचा अर्थ ‘फ्लॉस बिनकामाचा’ असा घेतला. पुढे २०१९ मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी ३५ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. दोन दातांमधली जागाही साफ करणाऱ्यांच्या हिरड्या नुसता ब्रश करणाऱ्यांपेक्षा कमी सुजतात, असा त्यांचा कल निघाला, पण खात्रीने सांगण्याइतका पुरावा नव्हता. यातल्या बऱ्याच चाचण्या काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या असतात आणि फटीतली कीड दिसू लागायला त्याहून जास्त काळ जातो. पुरावा कमी पडणं वेगळं आणि उपयोग नसणं वेगळं.

शिवाय दोरा कुणाच्या हातात आहे, यालाही महत्त्व आहे. २००६ च्या एका आढाव्यात लहान मुलांचे दात शाळेच्या दिवशी रोज प्रशिक्षित माणसाने फ्लॉस केले, तेव्हा कीड सुमारे ४० टक्क्यांनी घटली. स्वतःच फ्लॉस करणाऱ्या मोठ्या मुलांत मात्र फरक पडला नाही. म्हणूनच मी कुणाला नुसती डबी देऊन घरी पाठवत नाही, आरशासमोर उभं करून दोन-तीनदा करून घेते.

हातभर दोरा घ्या, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, मध्ये चार बोटं मोकळा ठेवा. करवतीसारखा हळूहळू हलवत फटीत उतरवा, एकदम दाबलात तर हिरडी कापेल. खाली उतरला की एका दाताला मिठी मारल्यासारखा वळवा आणि वर-खाली चार-पाच वेळा घासा, मग शेजारच्या दाताला. नुसता आत घालून बाहेर काढला तर काहीच साधत नाही. मे महिन्यात रायवळ आंबा चोखला की दाढेत अडकलेले धागे कळतात, ते माणूस काढतोच. त्रास देतो तो न दिसणारा चिकट थर. दाढेतून काढलेला दोरा एकदा नाकाशी धरून बघा. माझ्या पेशंटना त्या वासानंतर वेगळं काही सांगावं लागत नाही.

एक आवर्जून सांगते : मासेमारीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, त्यासाठी वापरू नका. हिरड्यांत खोल काप घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत.

प्रश्न : डॉक्टरांनू, घासूक गेलंय की रगत येता, म्हणान रात्रीचा घासूचाच सोडलंय. बरोबर केलंय मां? (मालवण)

उत्तर : नाही हो, नेमकं उलटं झालं. १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या हाराल्ड लोए यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात साफ करणं थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात सूज उतरली. रक्त ब्रशमुळे येत नाही, हिरडीच्या कडेला साचलेल्या थरामुळे येतं. आजपासून रात्रीचं घासणं सुरू करा. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून दोन्ही वेळांत रात्रीची वेळ जास्त मोलाची. मऊ ब्रश घ्या, हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे तिरका टेकवा, दोन मिनिटं हलक्या हाताने घासा. पहिले काही दिवस रक्त दिसेल, घाबरू नका.

दोन आठवड्यांनीही थांबलं नाही, दात हलतोय किंवा पू येतोय, तर दाखवायला या. थर कडक होऊन कीटण झालं की ते ब्रशने निघत नाही, आम्हालाच काढावं लागतं. कीटण काढल्याने दात सैल होतात ही भीती मनातून काढा. कीटणाने बुजलेल्या फटी मोकळ्या झाल्या की जिभेला तसं वाटतं, एवढंच. आणि साखर तपासून घ्या, कारण मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात.

प्रश्न : सासूबाई चाळीस वर्षं मशेरी लावतात, म्हणतात दात घट्ट राहतात. मलाही लग्नानंतर सवय लागली. आता चौथा महिना चालू आहे. मशेरीशिवाय पोट साफ होत नाही. थोडी लावली तर चालेल का? (गुहागर तालुका)

उत्तर : नाही. थोडीसुद्धा नाही, आणि आजपासूनच नाही.

मशेरी हे दंतमंजन नव्हे. ती तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू आहे. हिरडीतून निकोटीन रक्तात जातं आणि तिथून बाळापर्यंत. बाळाचं वजन कमी भरणं, दिवस भरायच्या आत बाळंत होणं, पोटातच बाळ जाणं, हे धोके तंबाखूने वाढतात. पोट साफ होतं तेही निकोटीनच्या धक्क्याने. त्यासाठी भरपूर पाणी, पालेभाज्या, फळं घ्या, आणि तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना मशेरीबद्दल न लपवता सांगा.

माझी आजी मागच्या पडवीत पायरीवर बसून अर्धा-अर्धा तास मशेरी लावायची. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर काळं पडलेलं, साबणाने धुतलं तरी जायचं नाही. शेजारणी बसायच्या, गप्पा व्हायच्या. दिवसातला तिचा स्वतःचा वेळ तेवढाच होता, म्हणून सासूबाईंना रागावून बोलू नका. पण ‘घट्ट दात’ खरे नव्हेत. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त येत नाही, म्हणून सगळं ठीक वाटतं आणि आत हाड झिजत राहतं. त्या बोट जिथे फिरवतात तिथला गाल आणि हिरडी दिवसाउजेडी बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात तपासायला न्या. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर आपल्या देशात १९९२ मध्येच बंदी आली, घरच्या तव्यावर मात्र कायदा पोचत नाही. सोडायला मदत हवी तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर फोन करा, दोघींनीही.

प्रश्न : वय ६८. दातांत फटी पडल्यात. जेवल्यावर हिराच्या काडीने कोरतो. फ्लॉस बोटांना जमत नाही. (दापोली)

उत्तर : हीर टोकदार असतो, मोडून हिरडीत रुततो. तो सोडा, सेफ्टी पिनही नको. तुमच्यासारख्या रुंद फटींना दोऱ्यापेक्षा फटीत घालायचा बारीक ब्रश चांगला. तो औषधाच्या दुकानात मिळतो आणि निरनिराळ्या जाडीचा असतो. जोर न लावता, किंचित घासत जाईल तो तुमचा. कोणत्या फटीला कोणता, ते एकदा दंतवैद्याकडून ठरवून घ्या.

प्रश्न : कैरी आणि कोकम सरबताने दात आंबतात. लगेच घासले तर बरं ना? (श्रीवर्धन)

उत्तर : लगेच नको. आंबटाने दाताचं वरचं कवच काही वेळ मऊ पडतं आणि तेव्हाच घासलं तर झिजतं. आधी साध्या पाण्याने चूळ भरा, अर्ध्या तासाने घासा. सरबत घोट-घोट तासभर पीत बसण्यापेक्षा जेवणाबरोबर घेतलेलं बरं. राखुंडी किंवा कोळशाने घासत असाल तर तेही थांबवा, नुकसान दुप्पट होतं.

प्रश्न : नात चार वर्षांची. पेस्ट किती द्यावी? (वेंगुर्ला)

उत्तर : वाटाण्याएवढी. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी. पेस्ट फ्लोराइडची असावी, आणि ब्रश अजून तीन-चार वर्षं मोठ्यांच्या हातात असावा. घासून झालं की तिला थुंकायला शिकवा, पण तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भरायला लावू नका. फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहिलं तरच कामी येतं. तुम्ही स्वतःही तसंच करा, नात तुमचं बघूनच शिकेल.