राग आवरायला सांगणाऱ्या पत्नीचे ऐकणे हा भित्रेपणा आहे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांच्या स्मरणार्थ झालेल्या उपासनेनंतर, सगळे नातेवाईक जेवायला बसलेले असताना, थोरल्या भावाने आपल्याला ‘बाबांच्या आजारपणात तू फिरकलासुद्धा नाहीस’ असे सुनावले. घराच्या वाटणीचा विषय आधीपासून धुमसत होताच. आता कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्यासाठी आपण एक मोठा मजकूर लिहून ठेवला आहे आणि पत्नी तो पाठवू देत नाही. ख्रिस्ती माणसाने असा अपमान गिळणे हा भित्रेपणा नाही का, आणि येशूने स्वतः मंदिरात चाबूक हाती घेतला नव्हता का, असे आपण विचारता.

मी नागपुरातच, सदर भागातील आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) बायबलचा अभ्यासवर्ग घेते. माझे उत्तर स्पष्ट आहे: पत्नीचे ऐका. मात्र आपला राग खोटा आहे म्हणून ऐका, असे मी म्हणत नाही. तो खरा असूनही ऐका, असे म्हणते, आणि त्यासाठी बायबलमधील १ शमुवेल या पुस्तकाचा २५वा अध्याय आपण आज पुन्हा वाचावा अशी विनंती करते.

त्या अध्यायात, पुढे इस्राएलाचा राजा होणारा दावीद शौल राजापासून जीव वाचवत आपल्या माणसांसह रानावनात भटकत आहे. नाबाल नावाच्या धनिकाची ३,००० मेंढरे आणि १,००० शेरडे आहेत, आणि दाविदाच्या माणसांनी रानात त्याच्या मेंढपाळांचे रक्षण केले आहे. लोकर कातरण्याच्या सणाच्या दिवशी दावीद दहा तरुणांना पाठवून नम्रपणे थोडे अन्न मागतो. नाबाल मात्र विचारतो की हा दावीद कोण, आजकाल धन्याला सोडून पळणारे नोकर पुष्कळ झाले आहेत. हे ऐकताच दावीद तलवार बांधतो, ४०० माणसे घेऊन निघतो आणि सकाळपर्यंत त्या घरात एकही पुरुष जिवंत ठेवणार नाही अशी शपथ घेतो. येथे आधीचा अध्याय आठवावा. एन-गेदीच्या गुहेत, जिवावर उठलेला शौल राजा हाताशी सापडला असताना याच दाविदाने त्याच्या झग्याचा केवळ काठ कापून त्याला सोडून दिले होते. राजाला क्षमा करू शकलेला माणूस एका मेंढरांच्या मालकाच्या टोमण्याने पेटला. एकदा संयम पाळला म्हणजे तो कायमचा अंगी बाणला असे होत नाही, आणि घरच्या माणसाने चारचौघांत केलेला अपमान तर मोठ्या शत्रुत्वापेक्षाही अधिक झोंबतो.

आणखी एक गोष्ट वाचताना सहसा निसटते. दाविदाच्या माणसांनी आमचे रात्रंदिवस रक्षण केले, अशी साक्ष नाबालच्याच एका चाकराने त्याची पत्नी अबीगईल हिच्यापाशी दिली होती. दाविदाची शपथ पुरी झाली असती, तर त्याच्या बाजूने बोलणारा हा साक्षीदारही त्याच तलवारीखाली आला असता. आपल्या ग्रुपवर कोण कोण आहे ते पाहावे. भावाची मुले आहेत, कदाचित आपण वडिलांना दवाखान्यात नेताना सोबत आलेला एखादा पुतण्याही असेल. तो मजकूर त्यांनाही वाचावा लागेल.

आता अबीगईल काय करते ते पाहा. ती आधी शब्द पाठवत नाही, अन्न पाठवते: २०० भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच तयार केलेली मेंढरे, हुरडा, मनुका, अंजिरांच्या ढेपा. दाविदाची मूळ मागणी रास्त होती हे ती अशा रीतीने कृतीने मान्य करते. मग गाढवावरून उतरून ती दोष स्वतःकडे घेते आणि पतीच्या मूर्खपणावर पांघरूण घालत नाही. त्यानंतर ती जे बोलते ते मला त्या अध्यायाचे हृदय वाटते. परमेश्वर तुम्हांला इस्राएलाचा अधिपती नेमील, तेव्हा विनाकारण रक्त सांडल्याची आणि स्वतःच्या हाताने सूड घेतल्याची टोचणी तुमच्या मनाला राहू नये, असे ती सांगते. ‘रागावू नका’ असे ती एकदाही म्हणत नाही. दावीद कोण होणार आहे, याची ती त्याला आठवण देते. आणि दावीद तिचे आभार मानण्याआधी परमेश्वराचा धन्यवाद करतो, कारण त्यानेच तिला आज पाठवले असे त्याला दिसते.

माझे म्हणणे एवढेच आहे. आपला राग आपण एकट्याने, मनगटाच्या बळावर आवरावा, अशी अपेक्षा शास्त्र करत नाही. वाटेत कोणीतरी उभे केले जाते, आणि त्या माणसासाठी थांबणे हे आपले काम असते. आपल्या बाबतीत ते माणूस आपल्याच घरात आहे.

हे मी जवळून पाहिले आहे. माझ्या भावावर मंडळीतल्या एका सभेत कापणीच्या सणाच्या हिशेबावरून संशय घेतला गेला होता. त्याने त्याच रात्री चार पानांचे पत्र लिहिले. दुसऱ्या दिवशी आमच्या आत्याने ते पत्र वाचून पाहायला मागितले नाही, तर त्यालाच मोठ्याने वाचायला सांगितले. ती गव्हातले खडे निवडत बसली होती आणि हात न थांबवता ऐकत होती. दुसऱ्या पानावर, जिथे त्याने एका वृद्ध सभासदाच्या मुलाच्या नोकरीचा उल्लेख केला होता, तिथे तो आपणहून अडखळला. आत्या एवढेच म्हणाली, ‘‘हिशेबाचं खरं आहे रे, पण हे कशाला?’’ त्याने शेवटी दोन ओळींचे पत्र दिले: हिशेब तपासावा, सर्व पावत्या सोबत जोडल्या आहेत. त्या माणसांशी त्याचे संबंध पुढेही बराच काळ ताणलेलेच राहिले, हे मी लपवणार नाही. पण नोकरीविषयीचे ते वाक्य कधीच कोणाच्या हाती पडले नाही.

मंदिरातल्या चाबकाविषयी. मार्काच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय पाहिला तर येशू संध्याकाळी मंदिरात जातो, सभोवार सर्व पाहतो, उशीर झाला म्हणून बारा शिष्यांबरोबर बेथानीस जातो, आणि व्यापाऱ्यांना बाहेर घालवतो ते दुसऱ्या दिवशी. तो क्रोध स्वतःच्या अपमानाचा नव्हता. प्रार्थनेच्या घराचा बाजार केला गेला म्हणून होता. स्वतःची निंदा झाली तेव्हा त्याने उलट निंदा केली नाही, हे पेत्राच्या पहिल्या पत्रात आपण वाचतोच. त्यामुळे हा दाखला आपल्या मजकुराच्या बाजूने उभा राहत नाही.

एक सावधगिरी मात्र मला मनापासून द्यावीशी वाटते. मृदू उत्तराने कोप शमतो, हे नीतिसूत्रांतले वचन आपल्याकडे अनेकदा मार खाणाऱ्या सुनेला किंवा दबलेल्या धाकट्याला गप्प बसवण्यासाठी वापरले जाते. अबीगईलने उपदेश केला तो हाती तलवार असलेल्याला. आज ती तलवार आपल्या मोबाइलमध्ये आहे, म्हणून हा सल्ला आपल्याला आहे.

अन्याय झाला असेल तर तो बोलावाच. मत्तयाच्या १८व्या अध्यायात येशू तसे करण्याची रीतही सांगतो, आणि तिची सुरुवात दोघेच एकांतात असताना होते. तेव्हा तो मजकूर आज पत्नीला मोठ्याने वाचून दाखवा आणि ज्या वाक्यावर ती हात वर करील ते खोडा. मग भावाच्या घरी एकटेच जा आणि आजारपणाविषयीचे त्याचे बोल किती लागले ते त्याला समोरासमोर सांगा. त्या भेटीत वाटणीचा विषय काढू नका. घराची कागदपत्रे वेगळ्या दिवशी, दोघांनाही मान्य असलेल्या मंडळीतल्या एखाद्या जाणत्या माणसासमोर मांडा. भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय, असे प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला विचारले होते ते याच प्रसंगासाठी.