ओला कचरा, आंबूस वास आणि सुका पाला

प्रश्न : ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत आवारातच करतो. पावसाळ्यात पिंपांना आंबूस वास येतो, अळ्या होतात. कचरा पुन्हा गाडीत द्यावा का?

उत्तर : नको. ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. डिझेल जाळून ते तुर्भ्याच्या कचराभूमीपर्यंत कशाला वाहायचं? वास येतो तो हवा कोंडल्याने. बादलीभर कचऱ्यावर बादलीभर सुका पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला. पाला मार्च-एप्रिलमध्येच पोत्यांत भरून ठेवावा, जूननंतर कोरडा मिळत नाही. दर ३ दिवसांनी तळापासून खालीवर करा. मूठभर माल दाबून पाहा : एखाद-दुसरा थेंब ठीक, धार लागली तर आणखी पाला. पिंपाच्या तळाला भोकं हवीतच. अळ्या कचराच खातात, त्यांच्यावर औषध मारू नका.